काम करता का?

मावशींनी आमच्या घरचं काम सोडलं तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी त्यांच्याशी वाईट वागले.

ओटा पुसून झाला, फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि त्या म्हणाल्या, "ताई, एक तारखेपासनं मी न्हाई यायची. कामं सोडली मी. चारी घरची." मुलीचं लग्न ठरल्याची बातमी द्यावी तसा आवाज होता. महिनाभर आधी मीच त्यांना हाताला धरून आमच्या संस्थेच्या पोळीभाजी केंद्रावर नेलं होतं. हळदीकुंकवापासून महिला दिनापर्यंत, मिळेल त्या माइकवर मी बायकांनी स्वतःच्या पायावर उभं राहण्याबद्दल बोलत आले होते. आणि मी म्हणाले, "अहो, पण मग माझं काय?"

त्या हसल्या. मी हसले नाही. वयाने त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण मुलं मावशी म्हणायची म्हणून आम्हीही मावशीच म्हणत आलो. बारा वर्षं त्या आमच्याकडे धुणंभांडी, केरफरशी करत होत्या. त्यानंतर आलेल्या तिन्ही बायका महिना-महिनाभर टिकल्या आणि गेल्या. आमच्या ह्यांनी याचं खापर माझ्या जिभेवर फोडलं. ते अगदीच चूक नव्हतं.

मी कोथरूडमधल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर या संस्थेत गेले. संस्था म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि आम्ही चौघी. माझ्याकडे अर्ज आणि अहवाल. कोण पैसे देईल ते शोधायचं, त्याच्या भाषेत अर्ज करायचा आणि मिळाले की त्याच्याच भाषेत त्यांचं काय केलं ते कळवायचं.

केंद्र आमचं सगळ्यात लाडकं. गल्लीतला एक गाळा, चार शेगड्या, कणीक मळायचं यंत्र आणि मागच्या वस्तीतल्या बाराजणी. सकाळी सहाला मंडईतून भाजी यायची, साडेसातपर्यंत पहिले डबे बाहेर पडायचे. वसतिगृहातली मुलं, मुलं परदेशी असलेली म्हातारी जोडपी, दवाखान्यातली माणसं, असं गिऱ्हाईक. गाळ्याचं भाडं आणि यंत्राचा खर्च खराडीतली एक कंपनी तिच्या सामाजिक निधीतून देत होती. पहिलं वर्ष संपत आलं होतं. दुसरं वर्ष मिळालं तर केंद्र पुढे आपल्या बळावर चालेल, नाही मिळालं तर बंद पडेल, इतका सरळ हिशेब होता. गाळ्याच्या मालकाने एका मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला जागा आधीच दाखवून ठेवली होती. तो माणूस येऊन भिंत मोजून गेला होता, बायका पोळ्या लाटत असताना, त्यांच्या डोक्यावरून टेप धरून.

दुसरं वर्ष देण्याआधी कंपनी बाहेरच्या एका संस्थेकडून फोनवर पाहणी करून घेणार होती. त्याची प्रश्नावली आली तेव्हा तिचं मराठी वाचून मी टेबलावर डोकं ठेवून हसले होते. पहिलाच प्रश्न होता, 'आपण वर्तमानात उत्पन्न-उत्पादक क्रियाकलापांमध्ये गुंतलेल्या आहात का?' मी लाल पेन काढलं. चौतीस वर्षांची सवय. सगळं खोडून वर लिहिलं, 'तुम्ही सध्या काम करता का?' कंपनीतल्या ज्या मुलीशी माझं बोलणं व्हायचं, ती म्हणाली, "मॅडम, सो सिंपल! हेच हवं होतं." पुढचे दोन दिवस मी घरात जरा ताठ मानेनेच वावरत होते.

त्याच मुलीचा एका सोमवारी सकाळी फोन आला. मुलगी चांगली होती. आमच्यासाठी वरिष्ठांशी भांडायची, पण आपला आवाज कधी वर जाऊ द्यायची नाही.

"मॅडम, थोडा इश्यू झालाय. सर्व्हेचे रिझल्ट्स आलेत. बारापैकी अकरा विमेन अनएम्प्लॉइड दाखवतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण वर्षभर फंड केलं आणि अकराजणी काहीच करत नाहीयेत. डेटा असं म्हणतोय."

"डेटाला म्हणावं, सकाळी सहाला येऊन कांदे चिरून बघ."

ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात कमिटी बसणार होती आणि या आकड्यांवर दुसरं वर्ष मिळणं कठीण आहे, असं तिने अगदी हळू आवाजात सांगितलं. 

मी काय समजले ते सांगते, कारण तेही मला शोभणारं नव्हतं. मी समजले, या खोटं बोलल्या. सरकारी योजनेतून बायकांच्या खात्यात दरमहा काही जमा होतं. अनोळखी आवाजाने कमाईचं विचारलं की ते बंद होईल, या भीतीने यांनी कानांवर हात ठेवले असणार. दुपारभर मी मनातल्या मनात त्यांना झापत होते. वर्षभर आम्ही यांच्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरायचं आणि एका फोनवर यांनी सगळ्यावर पाणी फिरवायचं?

ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अकराजणींनी एकच खोटं बोलायचं म्हणजे आधी मीटिंग लागते. तुमच्या केंद्राच्या मीटिंगला कधी चारजणी वेळेवर आल्यात का?"

मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला केंद्रावर गेले. दुपारच्या डब्यांची घाई होती. मावशी तव्यापाशी होत्या. केंद्रात येऊन वर्ष झालं नव्हतं तरी बाकीच्या त्यांच्याकडे बघून कामाला लागायच्या. मी चप्पल काढली आणि वर्गात शिरावं तशी मध्ये जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला पाहणीचा फोन आला होता ना?"

"आल्ता की," मावशी म्हणाल्या.

"मग खरं बोलायला काय झालं होतं?"

लाटणी थांबली नाहीत, पण हळू झाली.

"खरंच बोललो की, ताई."

"काय विचारलं त्यांनी?"

"काम करता का म्हनून इचारलं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"न्हाई म्हनलं."

"का पण?"

"करत न्हाई म्हनून."

हे त्यांनी शांतपणे सांगितलं, मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं. बाकीच्याही माझ्याकडे तशाच बघत होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यात बटाटे सोलत बसलेली बाई खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मी हो म्हनले." गुन्हा कबूल करावा तशी. "माझी दोन घरं अजून हायेत. सुटंनात. पन दिवाळीपत्तुर सोडनार मी, खरंच."

मी तिथल्या पिठाच्या डब्यावर बसले.

आमच्या शहरात सून नोकरी करते, मुलगी जॉब करते आणि बाई काम करते. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी रोज बोलत होते. 'आज काम करायला कोणी आलं नाही', 'कामाला बाई बघा ना कोणी', 'त्या चार घरी काम करतात'. लोकांच्या घरची धुणीभांडी, फरशी, तीच कामं. आणि ती ज्यांनी सोडली, त्या अकराजणींना एका अनोळखी मुलीने फोनवर विचारलं, तुम्ही सध्या काम करता का? त्यांनी मान वर करून सांगितलं, नाही. त्यांच्या वर्षभराच्या मेहनतीचं ते फळ होतं. 'हो' म्हणाली ती एकटीच, जिच्यासाठी आमचं केंद्र अजून पुरं पडलं नव्हतं. 'नाही' आलं की मुलाखत तिथेच संपवायची, अशी प्रश्नावलीत सोय होती. पुढचे सगळे प्रश्न, कमाईचे, बचतीचे, घरात निर्णय कोण घेतं याचे, कोणी विचारलेच नाहीत. आणि तो पहिला प्रश्न माझा होता. लाल पेनाने लिहिलेला.

लाज वाटली. पण लाजेपेक्षा घाई जास्त होती. मी उठले आणि सगळ्यांना म्हणाले, "बरं, झालं ते झालं. चूक माझी आहे. पुन्हा फोन आला आणि हाच प्रश्न विचारला, तर 'हो' म्हणा."

"मी न्हाई म्हननार," मावशी म्हणाल्या.

"अहो, नुसतं हो म्हणायचं आहे."

"नुसतं कसं? गावाकडं सासूला फोन करून सांगितलंय, सुनेनं कामं सोडली. पोरीच्या कॉलेजच्या फॉर्मावर दरसाल लिवायचे, आई घरकाम करते. औंदा तिनं ते खोडलं. आता मीच फोनवर सांगू का, मी काम करते म्हनून?" पोळी उलटून त्यांनी कडेने दाबली. "तुमी दुसरं कायतरी इचारा की. मराठी शिकवत होता न्हवं?"

गाळा गेला तर त्यांना ती चार घरं परत मिळणार नव्हती, तिथे दुसऱ्या बायका लागल्या होत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना माझ्याइतकीच भीती वाटत असणार. पण त्या 'हो' म्हणणार नव्हत्या आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

खराडीला फोन केला. सगळं सांगितलं, चूक माझी हेही. मग ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आय गेट इट. माझ्या मम्मीकडे पण मावशी आहेत. पण कमिटीला हे एक्स्प्लेन कसं करू? त्यांना वाटेल आपण एक्स्क्यूज देतोय." म्हणून ती स्वतः बघायला येते म्हणाली.

गुरुवारी आली. दोन तास रस्त्यात काढून, घामाघूम. बायकांनी तिला गरम पोळी आणि मटकीची उसळ दिली. तिने उभ्यानेच खाल्ली, फोटो काढले, कणकेच्या यंत्रात डोकावून पाहिलं. मला जरा धीर आला. मग तिने वही उघडली आणि प्रसन्न चेहऱ्याने विचारलं, "तर तुम्ही सगळ्या इथे धंदा करता, राइट?"

एकीने पदर तोंडात धरला. बटाटेवाली बाई भिंतीकडे तोंड करून बसली. त्या मुलीला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की काहीतरी बोललो. बायकांच्या बाबतीत त्या शब्दाचा काय अर्थ होतो, ते मी तिला कानात सांगितलं. ती कानापर्यंत लाल झाली.

"उद्योग म्हणा," मी घाईघाईने म्हणाले. "उद्योग."

"पोरीचा बाप त्येच म्हनतो," मावशी तव्यापासून म्हणाल्या. "नसते उद्योग करायला जाती."

त्यावर सगळ्या हसल्या, ती मुलगीसुद्धा. मी हसू शकले नाही. एवढी मोठी भाषा, माझं सगळं आयुष्य त्यात गेलं, आणि या बारा बायका दिवसभर जे करतात त्याला तिच्यात मला एक शब्द सापडत नव्हता.

निघताना गाडीपाशी तिने सांगितलं की तिची भेट ही भेट आहे, डेटा नाही. खात्री करून घ्यायला पाहणीवाले एकीला पुन्हा फोन करतील. कोणाला, कधी, ते तिलाही कळणार नाही. प्रश्न बदलून घ्यायचा ती प्रयत्न करते. "आणि प्लीज, कोणाला टीच करू नका, मॅडम. कळलं तर सगळंच इनव्हॅलिड." मी मान डोलावली. आधीच शिकवून बसले होते आणि ते शिकणाऱ्यांनी झिडकारलंही होतं, हे तिला सांगितलं नाही.

मग वाट बघणं. शुक्रवार, शनिवार, रविवार. मोबाइल मी न्हाणीघरातसुद्धा नेत होते. केंद्रावर जाणं टाळलं, तोंडातून काही निसटेल म्हणून. सोमवारी भांडी घासता घासता, कारण तिसरी बाईही गेली होती, माझ्या मनात आलं की केंद्र बंद पडलं तर मावशी आमच्याकडे परत येतील. त्यांना मी हाकलणार थोडीच. कढईचा करपलेला तळ घासत होते आणि ते अगदी सहज मनात आलं, आणि क्षणभर मला बरं वाटलं. पाणी बंद करून मी ओट्याला धरून उभी राहिले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही.

मंगळवारी दुपारी मावशींचा फोन आला. "ताई, आल्ता."

"कोणाला?"

"मलाच."

"काय विचारलं?"

"काम करता का."

म्हणजे प्रश्न बदलला नव्हता. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"न्हाई म्हनलं."

मी डोळे मिटले. भिंत मोजणारा तो माणूस दिसला.

"ती थ्यांक्यू म्हनून ठिवायला लागली," मावशी सांगत होत्या, "तर म्या म्हनलं, थांबा जरा. तुमच्या घरी काम कोन करतं? ती म्हनली, आमच्याकडे मावशी येतात. म्या म्हनलं, तर ती मावशी मी न्हाई. पयली व्हते. आता न्हाई. आता मी काय करते ते इचारा."

"विचारलं तिने?"

"इचारलं की. लय येळ बोललो आमी. तिची आई बी गुडघ्यानं बेजार हाय, डबा मिळंल का म्हनत व्हती."

"पण तिने लिहिलं काय? हो की नाही?"

"त्ये मला कसं कळंल? माझा तवा तापला व्हता."

कमिटी गुरुवारी बसली. शनिवारी सकाळी त्या मुलीचा ईमेल आला. पूर्ण वर्ष नाही, सहा महिने, आणि प्रश्नावली नव्याने करायची या अटीवर. खाली तिने त्या फोनची नोंद जोडली होती. 'हो' आणि 'नाही' या दोन्ही चौकोनांना हात लावलेला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'या काम करत नाहीत. या पोळीभाजी केंद्र चालवतात. कृपया प्रश्न तपासावा.'

ते मी दोनदा वाचलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर मी असेच शेरे मारत आले होते. एकही इतका बरोबर नव्हता.

मग केंद्रावर फोन लावला. पलीकडून उचलला गेला, शेगडीचा आवाज आला, आणि मी "हॅलो, माव..." पर्यंत येऊन अडकले. बारा वर्षांची सवय जिभेवर आली होती आणि पुढे जाईना.

"कोन हाय?"

"अहो, मी बोलतेय. मिळालं आपल्याला. सहा महिने."

मग त्यांनी तोंड फिरवून मागे ओरडून सांगितलं आणि मागे बायकांचा गलका झाला. तो ओसरल्यावर त्या परत फोनवर आल्या.

"ताई, तुमच्याकडं काम कोन करतंय सध्या?"

मी ओट्याकडे पाहिलं. सकाळची भांडी तशीच होती.

"मीच करते," मी म्हणाले.

"बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि पोळी करपेल म्हणून त्यांनी फोन ठेवला.